एकासनी ग्लायडर : आसन एक, हात अनेक

चैत्र-वैशाखांतील भर दुपार असावी. केनवडच्या शिवारांत नांगरट झालेलीं काळीं रानें उन्हानें तापलेलीं असतात. गुरें निंबाच्या सांवलींत रवंथ करीत बसलेलीं असतात. माणूस घराबाहेर पडावयास धजत नाहीं. अशा वेळीं डोळ्यांवर हात धरून वर पाहावें, तों एखादी घार आभाळांत संथपणें घिरट्या घालीत असलेली दृष्टीस पडते. पांच मिनिटें, दहा मिनिटें ती फिरते, परंतु क्वचितच पंख हालविते. आणि आश्चर्य असें कीं, प्रत्येक घिरटीबरोबर ती खालीं येण्याऐवजीं वर वर जात असते. आमच्या रिसोड तालुक्यांतील प्रत्येक गुराख्यानें हा देखावा शेंकडों वेळां पाहिला असेल. पंख न हालवितां घार वर कशी चढते, हा प्रश्न मात्र फारच थोड्यांनीं स्वतःस विचारला असेल.

ज्यांनीं हा प्रश्न विचारला व त्याचा पिच्छा पुरविला, त्यांनींच पुढें तसें उडणारें यंत्रही बनविलें. त्या यंत्रास ग्लायडर म्हणतात. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलें विमान. त्याला पंख असतात, शेपूट असतें, सुकाणू असतें. परंतु पंखा नसतो, तेल नसतें, आणि वाऱ्याच्या सळसळीवांचून दुसरा आवाजही नसतो. आजच्या लेखांत आम्ही अशा एका जुन्या ग्लायडरची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों. हें ग्लायडर फार मोठें नव्हतें, फार वेगवान् नव्हतें, आणि त्यांत बसावयास जागा एकाचीच होती. तथापि जगांतील हजारों तरुणांस आकाशाचा पहिला धडा त्यानें दिला. त्याचें नांव ‘ग्रुनाउ बेबी’.

बेबीची गोष्ट सांगण्यापूर्वीं इंजिनावांचून उडणें कसें शक्य होतें, तें पाहूं. उतारावर सोडलेली गाडी बैलांवांचून धांवूं लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. तिचें वजनच तिला ओढून नेतें. ग्लायडरची गोष्ट तशीच आहे. तें हवेच्या अदृश्य उतारावरून सतत पुढें व खालीं घसरत असतें. या घसरण्यामुळें पंखांवरून वारा वाहतो, आणि त्या वाऱ्याच्या योगानें पंखांस वर उचलणारी शक्ति मिळते. उतार जितका सौम्य, तितकें यंत्र चांगलें. बेबीच्या एका प्रसिद्ध नमुन्याविषयीं असें सांगतात कीं, शांत हवेंत एक मीटर खालीं येतां येतां ती सुमारें सतरा मीटर पुढें जाई. म्हणजे ३०० मीटर उंचीवर तिला सोडलें, तर ती जमिनीवर टेकेपर्यंत पांच किलोमीटरांचा पल्ला गांठी. दर सेकंदास ती एक मीटराहूनही थोडी कमी खालीं येई. म्हणून तेवढ्या उंचीवरून उतरण्यास तिला सहा मिनिटांच्या आसपास वेळ लागे.

सहा मिनिटें म्हणजे कांहीं फार नव्हे. मग घार तासन् तास वर कशी राहते? येथेंच खरी मौज आहे. ग्लायडर हवेंत नेहमीं खालींच येत असतें. परंतु ज्या हवेंत तें आहे, ती हवाच जर वर चढत असेल तर? खालीं येणाऱ्या सरकत्या जिन्यावर माणूस उभा राहिला तर तो आपोआप खालीं येतो. पण वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर हळूहळू पायऱ्या उतरणारा माणूस मात्र उतरतां उतरतांच वरच्या मजल्यावर जाऊन पोंचतो. ग्लायडरचें उड्डाण म्हणजे असें उतरतां उतरतां चढणें होय. हवा दर सेकंदास दोन मीटर वर चढत असली व ग्लायडर तींत ०.८५ मीटर उतरत असलें, तर दर सेकंदास १.१५ मीटरांची कमाई पदरांत पडते. पांच मिनिटांत ही कमाई ३४५ मीटर होते. हा हिशेब आमच्या आठवीच्या मुलांनीं स्वतः करून पाहावा.

आतां हवा वर कां चढते? याचीं मुख्य कारणें दोन. एक म्हणजे डोंगर. वारा डोंगराच्या उभ्या अंगावर येऊन आदळला, कीं त्याला वर वळण्यावांचून गत्यंतर नसतें. डोंगराच्या त्या बाजूला राहून इकडून तिकडे फेऱ्या घातल्या, तर वारा वाहे तोंपर्यंत ग्लायडर वर राहूं शकतें. दुसरें कारण म्हणजे ऊन. नांगरलेली काळी जमीन आणि शेजारचें ओलिताचें हिरवें रान यांवर ऊन सारखेंच पडतें. परंतु काळी जमीन अधिक तापते. तिच्या लगतची हवा तापून हलकी होते व एखाद्या मोठ्या बुडबुड्याप्रमाणें वर उठते. उन्हाळ्यांत शेतांतून धूळ व पालापाचोळा घेऊन वावटळ उठते, ती याच गोष्टीची खूण. ही तापलेली हवा उंच जाऊन थंड झाली, म्हणजे तिच्यांतील बाष्पाचे पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके बनतात. अनुभवी वैमानिक अशा ढगाखालीं जातो, कारण तेथें वर जाणारी वाट असण्याचा संभव असतो. घारीला हें शास्त्र कोणीं शिकविलेलें नाहीं; निर्मात्यानें तें तिच्या पंखांतच घातलें आहे. मनुष्यास मात्र तें कष्टानें शिकावें लागलें.

या शिक्षणाचा आरंभ ज्यांनीं केला, त्यांत जर्मनीचा ऑटो लिलिएंथाल हा अग्रगण्य होय. १८९१ पासून त्यानें वेळूसारख्या लवचीक काड्यांचे व कापडाचे पंख खांद्यावर घेऊन टेंकडीवरून दोन हजारांच्या वर उड्या घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं वाऱ्याच्या झोताबरोबर त्याचा तोल गेला. तो खालीं कोसळला व दुसरे दिवशीं मरण पावला. अमेरिकेंतील राइट बंधूंनींही १९०३ मध्यें इंजिनाचें विमान उडविण्यापूर्वीं कांहीं वर्षें ग्लायडरांवरच अभ्यास केला होता. विमानाला इंजिन मिळाल्यावर मात्र लोकांस ग्लायडरचा विसर पडला.

तें पुन्हां आठवलें तें एका पराभवामुळें. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्यें व्हर्सायचा तह झाला, आणि जर्मनीवर विमानांसंबंधीं कडक निर्बंध घालण्यांत आले. लष्करी विमानें बाळगण्याची बंदी. पण इंजिन नसलेल्या विमानांविषयीं तहांत बंदी नव्हती! तेव्हां तेथील विद्यार्थी व तरुण कारागीर स्वतःच्या हातांनीं ग्लायडरें बनवून वासरकुप्पे नांवाच्या डोंगरावर जमूं लागले. १९२० मध्यें तेथें पहिला मेळावा भरला. १९२२ च्या ऑगस्ट महिन्यांत एका ग्लायडरनें एक तासाहून अधिक, आणि त्याच महिन्यांत पुढें तीन तासांहून अधिक वेळ आकाशांत राहून दाखविलें. ज्याला जग उडी म्हणत होतें, त्याला आतां उड्डाण म्हणावें लागलें.

परंतु हीं ग्लायडरें नाजूक व महाग असत. सामान्य तरुणांस तीं परवडत नसत, आणि नवशिक्यांच्या हातांत देण्याजोगींही तीं नव्हतीं. शिकाऊ मुलांस लांकडी चौकटीचें एक अगदीं साधें ग्लायडर देत. त्यांत बसावयास नुसती एक फळी. पुढें आडोसा नाहीं, बाजूस भिंत नाहीं. त्यावर छोट्या उड्या मारतां येत, पण खरें उडणें जमत नसे. या दोहोंमधली पायरी पाहिजे होती. आणि ती एडमुंड श्नायडर या कारागिरानें बांधली. सायलेशिया प्रांतांतील ग्रुनाउ या खेड्यांत त्याचा कारखाना होता. १९३१ मध्यें त्यानें आपलें नवें ग्लायडर तयार केलें. खेडें ग्रुनाउ, आणि यंत्र लहानगें. म्हणून नांव पडलें ग्रुनाउ बेबी. पुढें तिच्यांत सुधारणा होत गेल्या, आणि निरनिराळ्या देशांत मिळून सुमारें सहा हजार बेबी तयार झाल्या. क्लबांतील सभासद नकाशे मागवून आपल्या सुतारशाळेंत त्या स्वतः बनवीत, हें तिचें विशेष होय.

बेबीची रचना कोणत्याही चांगल्या सुतारास समजेल अशी आहे. पंखांची लांबी एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत साडेतेरा मीटर. म्हणजे आपल्या शाळेच्या दोन वर्गखोल्या सहज व्यापतील इतकी. पंखाच्या आंत एक मुख्य तुळई, तिला माशाच्या कांट्याप्रमाणें जोडलेल्या पातळ लांकडी फांसळ्या, पुढच्या कडेला प्लायवुडचा पत्रा, आणि बाकी सर्व भागावर ताणून बसविलेलें कापड. कापडावर रोगण दिलें कीं तें आकसून ढोलाच्या कातड्यासारखें ताठ होई. बसण्याच्या जागेवर छप्पर नसे. वैमानिकाचें डोकें व खांदे उघड्या हवेंत असत. उतरण्यासाठीं चाकांच्या ऐवजीं पोटाखालीं लांकडाची एक लांब घसरपट्टी असे. एवढें सगळें मिळून यंत्राचें वजन दीड-पावणेदोनशें किलो भरे.

चालविण्याचीं साधनेंही थोडींच. दोन पायांमध्यें एक दांडा. तो पुढें ढकलला कीं नाक खालीं जातें, मागें ओढला कीं वर येतें. डावीउजवीकडे कलविला कीं पंख कलतात. पायांखालीं दोन पायट्या. त्यांनीं सुकाणू वळतें. वेग दाखविणारें एक यंत्र, उंची दाखविणारें एक. परंतु जुने शिक्षक सांगत कीं, सर्वांत विश्वासाचें वेगमापक म्हणजे गालांवर लागणारा वारा व तारांचा आवाज. वाऱ्याचा सूर वाढला तर वेग वाढला. सूर मंदावला तर सावध व्हावें.

हें सावध होणें फार महत्त्वाचें आहे. नवशिक्यास वाटतें, नाक वर केलें कीं उंची मिळेल. क्षणभर मिळतेही. परंतु इंजिन नसल्यामुळें वेग घटत जातो. वेग घटला कीं पंखांवरून वारा नीट वाहत नाहीं. आणि एकाएकीं पंख हवेवरील आपली पकड सोडतात. मग यंत्र नाक खालीं टाकून कोसळूं लागतें. त्या वेळीं मन ‘दांडा मागें ओढ’ असें ओरडत असतें, आणि उपाय मात्र नेमका उलटा असतो: दांडा पुढें ढकलावयाचा, नाक आणखी खालीं न्यावयाचें व वेग परत मिळवावयाचा. जमीन जवळ असतांना असें झालें, तर सुधारण्यास अवकाश राहत नाहीं. उंचीच्या लोभानें नाक वर करणारा खालीं येतो, आणि वेळेवर नम्र होणारा वांचतो. हा केवळ उपदेश नसून हवेचा नियम आहे.

आतां आसन एकच कां, या प्रश्नाकडे वळूं. त्या काळीं शिक्षकासह उडतां येईल अशीं दोन आसनांचीं ग्लायडरें फार थोडीं होतीं. म्हणून विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकटाच बसे. प्रथम ग्लायडर नुसतें जमिनीवरून घसरत नेत. त्यानें पंख समतोल ठेवावयास शिकावें. मग पुरुषभर उंचीची उडी; मग टेंकडीच्या मध्यावरून थोडी मोठी; असें करीत करीत माथ्यापर्यंत. तीस सेकंद उडून नीट उतरला तर त्यास ‘अ’ परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा बिल्ला मिळे. त्यावर एक पांढरा समुद्रपक्षी असे. एक मिनिट उडून वळणें घेतलीं कीं ‘ब’, दोन पक्षी. आणि ज्या उंचीवरून सुटला तिच्याहून वर पांच मिनिटें टिकून राहिला, म्हणजे ‘क’, तीन पक्षी. ही तिसरी परीक्षा देण्यासाठीं बहुधा बेबी मिळे. पुढें ज्यांस रुपेरी बिल्ला हवा असे, त्यांस पांच तास आकाशांत राहणें, १००० मीटर उंची कमावणें, व ५० किलोमीटर दूर जाणें, हीं तीन कामें करावीं लागत. लहानग्या बेबींतून तींही अनेकांनीं केलीं. कुर्ट श्मिट या तरुणानें तर १९३३ मध्यें समुद्रकांठच्या वाळूच्या टेंकड्यांवर बेबींत बसून ३६ तासांहून अधिक वेळ एकसारखें उड्डाण केलें.

एकट्यानें बसावयाचें, एवढें ऐकून कोणास वाटेल कीं हा एकट्याचा खेळ आहे. वस्तुस्थिति याच्या अगदीं उलट आहे. बेबी टेंकडीवरून उडवावयाची, तर तिच्या नाकाच्या आंकड्यास रबराचा एक जाड दोर अडकवीत. दोराचीं दोन टोंकें दोन बाजूंस पसरून प्रत्येक टोंकास चार चार मुलें धरीत. एकजण मागें शेपूट घट्ट दाबून बसे. एकजण पंखाचें टोंक हातांत घेऊन तो समतोल ठेवी. मग हुकूम सुटत: “ओढा!”, “धांवा!”, “सोडा!” पहिल्या हुकुमास मुलें चालूं लागत, दुसऱ्यास उतारावरून जीव तोडून धांवत, तिसऱ्यास शेपूट धरणारा हात सोडी, आणि गलोलींतून खडा सुटावा तशी बेबी त्या धांवणाऱ्या मुलांच्या डोक्यांवरून निघून जाई. अर्धें मिनिट उडून ती खालच्या शेतांत उतरे. मग त्याच मुलांनीं तिला खांदा देऊन पुन्हां टेंकडीवर चढवावयाची, आणि आतां पाळी दुसऱ्याची. दिवसभर राबावें तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यास दोन-तीन मिनिटांचें आकाश येई. जो दोर ओढण्यास टाळाटाळ करी, त्याला उडतांना मित्रांचे हात मिळत नसत. आसन एकाचें, पण त्यास वर नेणारे हात दहा; हें ज्याच्या अंगीं मुरलें, तोच खरा ग्लायडरवाला.

पालकांच्या मनांत येथें एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. यांत धोका नाहीं काय? आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. १९३३ मध्यें हान्ना रायच नांवाची एक तरुणी बेबी घेऊन उडाली व वादळी ढगाच्या पोटांत ओढली गेली. आंत अंधार, पाऊस व गारा. यंत्र कोणत्या बाजूस कललें आहे, हेंही तिला कळेना. ती जिवंत बाहेर पडली, तें कौशल्यापेक्षां यंत्राच्या मजबुतीमुळें व दैवाच्या अनुकूलतेमुळें. कित्येकांचें दैव तसें अनुकूल नव्हतें. म्हणूनच पुढें सर्वत्र पद्धति बदलली. आतां विद्यार्थी प्रथम दोन आसनांच्या ग्लायडरांत शिक्षकाबरोबर अनेक उड्डाणें करतो. चुका तेथेंच होतात व तेथेंच सुधारतात. शिक्षकाची पूर्ण खात्री पटली, म्हणजे मग एके दिवशीं तो आपला पट्टा सोडून खालीं उतरतो, आणि विद्यार्थ्यास सांगतो, “आतां तूं एकटा जा.” एकासनी ग्लायडर येतें तें यानंतर.

या बेबीच्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जे क्लब तरुणांनीं हौसेनें व मैत्रीनें उभारले, ते हिटलरच्या राजवटीनें आपल्या ताब्यांत घेतले, आणि आकाशाची आवड असलेलीं मुलें युद्धाच्या विमानांसाठीं तयार होऊं लागलीं. वर उल्लेखिलेली हान्ना रायच ही देखील त्या राजवटीची निष्ठावंत सेविका झाली. दुसरें महायुद्ध संपल्यावर जर्मनींत ग्लायडर उडविण्यास बंदी झाली व ती १९५१ पर्यंत टिकली. ग्रुनाउ खेडें पोलंडच्या हद्दींत गेलें. श्नायडर आपला व्यवसाय घेऊन ऑस्ट्रेलियांत गेला. यंत्र निर्दोष असतें. त्याला दोष किंवा पुण्य लागतें तें त्यास हांकणाऱ्या हेतूचें. हें विज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हवेच्या प्रवाहांचा शास्त्रीय अभ्यास ज्या गटिंगेन नगरींत प्रांटल या थोर आचार्यानें चालविला होता, तेथें एक मराठी विद्यार्थी गेला होता. त्याचें नांव विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडचा हा बुद्धिमान् तरुण पुढें बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यांत आला, आणि १९४१ मध्यें त्याच्या मार्गदर्शनाखालीं तेथें दहा माणसें नेणारें एक ग्लायडर तयार झालें. १९५१ मध्यें उडालेलें ‘एच. टी. २’ हें शिकाऊ विमान हें डॉ. घाटग्यांचेंच कार्य.

स्वातंत्र्यानंतर सरकारच्या नागरी विमान-वाहतूक खात्यानें ग्लायडरांची बांधणी हातीं घेतली. त्यांचीं नांवें ऐकून आमच्या शेतकरी वाचकांस गंमत वाटेल. १९५८ मध्यें उडालें तें ‘अश्विनी’. १९६१ मध्यें ‘रोहिणी’. तींत शिक्षक व शिष्य शेजारीं शेजारीं बसत. १९६३ मध्यें ‘कार्तिक’. पंधरा मीटर पंखांचें हें लांकडी ग्लायडर एकाच आसनाचें. याशिवाय ‘भरणी’, ‘मृगशीर’ आणि १९७९ मधील ‘आर्द्रा’. अश्विनी, भरणी, कृत्तिका, रोहिणी, मृग, आर्द्रा: पंचांगांतील पहिलीं सहा नक्षत्रें ओळीनें उभीं आहेत कीं नाहींत? रोहिणी बरसली कां, मृग वेळेवर लागला कां, आर्द्रांत वाफसा होईल कां, याची चौकशी केनवडांत घरोघर होते. ज्या नांवांकडे पाहून आमचे वडील पेरणी करीत आले, त्याच नांवांच्या पंखांवर देशांतील तरुणांनीं उडावयास शिकावें, हा योग मनोरम नव्हे काय? राष्ट्रीय छात्र सेनेच्या विमान-विभागांतील अनेक मुलांनीं रोहिणींतूनच प्रथम आकाश पाहिलें.

महाराष्ट्रांत या विद्येचें प्रसिद्ध स्थान म्हणजे पुण्याजवळील हडपसर. तेथें सरकारी ग्लायडिंग सेंटर स्थापन झालें व अनेक वर्षें मराठी मुलामुलींनीं तेथें शिक्षण घेतलें. तेथील पद्धति रबरी दोराची नसून विंचची. विंच म्हणजे यांत्रिक रहाट. मैदानाच्या एका टोंकास रहाट, दुसऱ्या टोंकास ग्लायडर, आणि दोहोंमध्यें लांब तार. रहाट फिरूं लागला कीं तार गुंडाळली जाते, आणि मुलानें धांवून पतंग चढवावा तसें ग्लायडर वर चढतें. पुरेशी उंची मिळाली कीं वैमानिक आंकडा सोडतो, तार खालीं पडते, आणि मग सगळीकडे शांतता. येथेंही पंखाचें टोंक धरणारा, खूण करणारा, रहाट चालविणारा, आकाश मोकळें आहे कीं नाहीं हें पाहणारा, असे चौघे-पांचजण जागरूक असल्याशिवाय एकटा वर जाऊंच शकत नाहीं.

जुन्या लांकडी ग्लायडरांचे शत्रु तीन: ओल, कीड आणि निष्काळजीपणा. पूर्वीं लांकूड जोडण्यास दुधापासून केलेला केसीन नांवाचा सरस वापरीत. कोरड्या हवेंत तो उत्तम टिके. परंतु पावसाळ्याच्या दमटपणानें त्यास बुरशी येऊन सांधे सुटूं लागत, आणि बाहेरून मात्र कापड तुळतुळीत दिसे. म्हणून अशा ग्लायडरची पाहणी करणारा कारागीर कापड उघडून आंतील प्रत्येक सांधा तपासतो, लांकडावर बोट वाजवून आवाज ऐकतो, व शंका आली तर उड्डाणास साफ नकार देतो. इंग्लंडांत १९७३ मध्यें जुन्या ग्लायडरांच्या प्रेमी मंडळींनीं एक क्लब स्थापन केला. असे लोक नाना देशांत विखुरलेले आहेत. त्यांच्या परिश्रमानें कांहीं बेबी नव्वदीकडे झुकल्या असतांही उडूं शकल्या. ज्या यंत्रावर कोणाचें तरी लेंकरूं एकटें बसणार, त्याच्या एका खिळ्याकडेही दुर्लक्ष करतां येत नाहीं.

हें सगळें वाचून केनवडच्या मुलानें काय करावें? आमची सूचना सोपी आहे. एक जाड कागद घेऊन त्याचें विमान करावें. नाकाशीं मातीची लहानशी गोळी लावावी. शाळेच्या ओट्यावरून तें हळूच सोडावें, फेंकूं नये. गोळी फार लहान असली तर तें नाक वर करून कोसळेल. फार मोठी असली तर सरळ जमिनींत शिरेल. योग्य गोळी सांपडली, म्हणजे तें संथपणें तरंगत जाईल. मग ओट्याची उंची व गेलेलें अंतर मोजून भागाकार करावा. उत्तर पांच आलें तरी पुष्कळ. बेबीचें सतरा होतें. एकानें सोडावें, एकानें मोजावें, एकानें लिहावें. या खेळासही हात अनेकच लागतात.

आणि पालकांस एक विनंति. शिक्षक ज्या दिवशीं ग्लायडरमधून खालीं उतरतो, त्या दिवसाची आठवण ठेवावी. तो लौकर उतरला तर विद्यार्थ्याचा नाश होतो. आणि कधींच उतरला नाहीं, तर विद्यार्थी कधींच वैमानिक होत नाहीं. त्याचें सर्व कौशल्य ती वेळ ओळखण्यांत आहे. आम्ही शाळेंत, व आपण घरीं, मुलांचा दोर धरून असेच धांवत असतों. दोर जोरानें ओढावा, पंखाचें टोंक समतोल ठेवावें, एकेक सांधा तपासून घ्यावा, आणि योग्य घटकेस, मनांत प्रार्थना करीत, “सोडा!” हा हुकूम पाळावा. मग वर पाहावें. मूल एकटें दिसेल. परंतु त्याच्या पंखांखालीं आपल्या सर्वांचे हात असतील.